काउंटरखालचा खण

गुरुवार, ५ ऑक्टोबर २००६. दारावरची दसऱ्याची माळ उतरवली; झेंडू वाळला होता. वाचनालयात आजपासून इंटरनेट. श्री. शिवकुमार यांनी सर्वांसमोर करून दाखवले. मलाही करायला सांगितले. माउस टेबलावरून खाली पडला. सभासद हसले. यंदाचे दिवाळी अंक संगणकावरून नोंदवायचे असे ठरले. भाजी दोडक्याची. उद्या कोजागिरी, दूध जास्तीचे सांगितले.

एवढं लिहून क्रांतीबाई इंगवल्यांनी पेनाला टोपण लावलं आणि शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली. रोजची वही लिहायची सवय कॉन्व्हेंटातली. तिथल्या एका सिस्टरनी सांगून ठेवलं होतं, की दिवसभरात घडलं ते वहीत लिहायचं आणि मनाला वाटलं ते देवाला सांगायचं. म्हणून माउस पडला आणि लोक हसले एवढंच वहीत आलं. त्यानंतर बाई मागच्या नळावर जाऊन डोळ्यांना पाणी लावून आल्या, ते आलं नाही.

बेचाळीसच्या चळवळीत जन्मल्या म्हणून वडलांनी त्यांचं नाव क्रांती ठेवलं, आणि त्याच वडलांनी पुढे मुलीला कॉन्व्हेंटात घातलं. या दोन गोष्टी एकाच माणसाला कशा सुचल्या याचं भावकीला बरीच वर्षं नवल वाटत राहिलं. नवरा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होता. तो गेला तेव्हा पृथ्वीराज नुकता शाळेत जायला लागला होता. दिवसकार्य उरकल्यावर मंगळवार पेठेतल्या निकम वाचनालयाच्या जुन्या चेअरमननी घरी निरोप पाठवला: काउंटरवर बसायला वाचणारं माणूस पाहिजे. बाई गेल्या, बसल्या, आणि साठी उलटली तरी बसल्याच होत्या.

काउंटर म्हणजे एक रुंद सागवानी टेबल. त्याला खाली एकच मोठा खण. खणाची मूठ कधीच तुटलेली, तिच्या जागी पट्टेवाल्या बाळासोनं सुतळीचा फास अडकवून दिलेला. बाहेरून बघणाऱ्याला त्या खणात काही विशेष वाटलं नसतं. पण वाचनालय खरं चालायचं ते त्या खणातून.

"बाई, नवीन आलं की माझ्यासाठी काढून ठेवा हं," असं प्रत्येक सभासद जाता जाता म्हणे. सुरुवातीला बाई चिठ्ठीवर नाव लिहून पुस्तकात घालायच्या. पुढे चिठ्ठीची गरज उरली नाही. गठ्ठा सुटला, की कुठलं पुस्तक कुणाचं हे त्यांना वरचं वेष्टन बघूनच समजे. बँकेतले आकाराम मोहिते युद्धाचं वाचत. धोंडुबाईंना सासुरवास लागे, तोही शेवटी गोड होणारा. देवळातल्या ज्ञानू गुरवांना नाटकाचं काहीही चाले. खण ओढला, पुस्तक काढलं, समोर ठेवलं, की माणसाच्या चेहऱ्यावर जो उजेड पडायचा, तो बघायला बाई दुपारचं ऊन डोक्यावर घेऊन चालत यायच्या.

नव्वद सालानंतरचे दिवस त्यांना पुढे फार आठवायचे. तेव्हा संध्याकाळी हमखास वीज जाई. बाळासो कंदील आणून काउंटरवर ठेवी आणि लोक कपाटांपाशी न जाता बाईंपुढेच उभे राहत: "अंधारात काय दिसतंय? तुमीच द्या की एखादं." तालमीतून अंघोळ करून आलेली पोरं ओल्या केसांनी कुस्तीच्या बातम्या वाचायला येत आणि वर्तमानपत्रावर पाण्याचे थेंब पाडत, बाई ओरडत, पोरं "सॉरी टीचर" म्हणत, कारण बाई रागावल्या की तोंडातून इंग्रजी निघे. मग पेठेत केबल आली. संध्याकाळच्या मालिका लागायच्या वेळेला वाचनालय ओस पडू लागलं. एक एक सभासद कमी झाला. तरी दिवाळी अंकांच्या दिवसांत मात्र जुनी गर्दी परत यायची. अंकांचे गठ्ठे आले, की बाळासो जाड दोऱ्यानं एकेकाला शिवण घाली, बाई खाकी कव्हर चढवत, आणि महिनाभर कुणाच्या हातात कुठला अंक आधी पडायचा हे तो खण ठरवी. म्हणजे बाई ठरवीत. पण हा अधिकार आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. पोळी करून ताटात वाढावी तसं ते काम होतं.

आणि दर शनिवारी बंद व्हायच्या वेळेला खणातून दोन पुस्तकं त्यांच्या पिशवीत जात. ती अक्काताई पट्टणशेट्टींची. अक्काताई मूळच्या कबनूरच्या, मागांच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या. मुलानं कोल्हापुरात सुताची एजन्सी घातली तेव्हा पेठेत राहायला आल्या. बाईंपेक्षा वयानं मोठ्या म्हणून बाईंना तंगी म्हणत, कानडीत धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलं आणि अक्काताईंचा जिना सुटला. तेव्हापासून पुस्तकं बाई पोचवत. संतचरित्र, तीर्थयात्रा, कधी एखादी घरंदाज कादंबरी. कपाळाला विभूती लावून खिडकीत बसलेल्या बाईला शोभेल तेच.

तर अशा या वाचनालयात त्या वर्षी नवीन चेअरमन आले हंबीरराव निकम, आणि त्यांनी आणला शिवकुमार. शिवकुमारचा राजारामपुरीत कॉम्प्युटरचा क्लास होता. पेठेतलाच मुलगा, लहानपणी बाईंच्या हातून गोष्टींची पुस्तकं नेलेला. आता डोक्यावरचे केस विरळ झालेले. वाचनालयाची सगळी पुस्तकं त्यानं कॉम्प्युटरमध्ये चढवून घेतली होती. आता ती इंटरनेटवर दिसणार होती. घरून, नाहीतर कॅफेतून, कुणीही बघावं आणि पाहिजे ते आपल्या नावावर धरून ठेवावं.

"बाई, यंदा खण बंद," हंबीरराव सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले. त्यांना हळू बोलता येत नसे. "जो आधी बटन दाबंल त्याला आधी अंक. मशीनला वशिला कळत न्हाय!"

लोक पुन्हा हसले. बाईंनी खण ओढून आत बघितलं. आतली पुस्तकं सकाळीच बाळासोनं काढून कपाटात लावली होती. खण रिकामा होता आणि तळाशी घातलेला जुना वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडला होता. आता ज्याचं त्यानं पुस्तक धरायचं, ज्याचं त्यानं न्यायचं. मग आपण इथं बसायचं ते कशाला? हा प्रश्न त्यांनी नियमाप्रमाणे वहीत न लिहिता देवाला विचारला. देवानं काही सांगितलं नाही.

शिवकुमारनं प्रत्येक सभासदासाठी एक चिठ्ठी छापली होती. तीवर सभासदाचा नंबर आणि गुप्त शब्द. आल्या माणसाला बाई चिठ्ठी देत आणि आलेलं माणूस ती उभ्या उभ्या वाचून परत करी.

"ह्ये मला कशाला?" धोंडुबाई म्हणाल्या. "तुमच्याकडंच ठेवा की बाई. माझ्या घरात रेशनकार्ड सापडत न्हाय, चिठ्ठी कुठली सापडायला?"

"अहो, ही गुप्त असते. दुसऱ्याला द्यायची नसते."

"तुमी काय दुसऱ्या हाय व्हय?"

बाईंनी चिठ्ठी खणात टाकली. आठवडाभरात पुस्तकं काढून रिकामा झालेला खण चिठ्ठ्यांनी भरला.

शिकायचं तर होतंच. सकाळी स्वयंपाक उरकून बाई रिक्षानं राजारामपुरीत क्लासला जायला लागल्या. कॉलेजातल्या मुलांच्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसायच्या. इंग्रजी येत होतं, त्यामुळे पडद्यावरचं वाचायची अडचण नव्हती; अडचण अशी होती, की त्या ते मनावर घेत. 'तुमची खात्री आहे का?' असं यंत्रानं इंग्रजीत विचारलं, की त्यांचा हात मागे येई. शाळेत सिस्टर असं विचारायच्या तेव्हा उत्तर चुकलेलं असायचं.

"बाई, तो सगळ्यांनाच विचारतो," शिवकुमार म्हणे. "हो म्हणायचं आणि पुढं जायचं."

"विचार न करता हो म्हणायचं?"

"बरं, करा विचार. आणि माउस जरा दमानं धरा, कणीक मळालाय काय?"

पण कोजागिरी होऊन गेली, वसुबारस जवळ आली आणि हात बसला. यंदाच्या अंकांची यादी इंटरनेटवर लागली त्या दिवशी शिवकुमार म्हणाला, "आता खरंखुरं धरून दाखवा एखादं पुस्तक." बाईंनी पर्समधून धोंडुबाईंची चिठ्ठी काढली, कारण तीच वर होती. नंबर टाकला, शब्द टाकला. धोंडुबाईंचं नाव पडद्यावर आलं. यंदाच्या अंकांची यादी आली. बाईंनी कौटुंबिक कथांचा एक अंक निवडून बटण दाबलं. खात्री आहे का? आहे. आणि मग मराठीत एक ओळ उमटली: 'हे पुस्तक तुमच्यासाठी काढून ठेवले आहे.'

बाई ती ओळ बघत राहिल्या. मग मोठ्यानं हसल्या. शेजारची मुलं वळून बघायला लागली.

"अहो शिवकुमार, हा तर खण!"

"खणच म्हणा की," तो दुसऱ्या कुणाची वायर खोचत होता, त्यानं मान वर केली नाही.

झालं. त्या दिवशी परत जाताना बाईंना रिक्षाचे धक्के लागले नाहीत. सगळे उगाच घाबरवत होते. खण बंद झाला नव्हता, नुसता टेबलाखालून उठून टेबलावर येऊन बसला होता. चिठ्ठ्या लोकांनी विश्वासानं ठेवायला दिल्या आहेत आणि काढून ठेवायचं काम आपलंच आहे, यात त्यांना तिळमात्र शंका वाटली नाही. दुपारी वाचनालय बंद असे तेव्हा बाळासो बाकावर आडवा होई आणि बाई खण ओढून एकेक चिठ्ठी घेत. आकाराम मोहित्यांना युद्ध विशेषांक. ज्ञानू गुरवांना नाटकाचा. अक्काताईंना अध्यात्माचा, आणि दुसरा पाककृतींचा, म्हणजे सुनेलाही उपयोगी. प्रत्येक नावापाशी थांबून, चेहरा डोळ्यांसमोर आणून. फार दिवसांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

"बाई, आकडा बघा आकडा!" शिवकुमार धावत आला. "मला वाटलं होतं पहिल्या वर्षी वीसपंचवीस जण करतील. अर्धी पेठ इंटरनेटवर आलीय!"

हंबीरराव इतके खूश झाले, की वर्धापनदिनाला शिवकुमारचा सत्कार करायचा, फेटा बांधायचा, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. यातले कितीसे आपल्या हातचे, असं बाईंच्या मनात येऊन गेलं. पण सगळे सभासद आपलेच, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

भाऊबीज झाली आणि शनिवारी वाटप सुरू झालं. दारापासून रांग. शिवकुमार यादी बघून नाव पुकारी, बाई अंक देत. जुने लोक हसतमुखानं घेऊन जात होते, नेहमीसारखं. रांगेत सयाजी होता. त्याचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज. वर्षभरापूर्वी सभासद झालेला, हाताला ग्रीस असतं म्हणून पुस्तक रुमालात गुंडाळून नेणारा. बाईंच्या खणात त्याला कधी जागा मिळाली नव्हती. मिळू नये असं काही नव्हतं; त्यानं कधी 'काढून ठेवा' म्हटलं नव्हतं, एवढंच.

"माझा नंबर कुठला?" त्यानं विचारलं.

शिवकुमारनं बघितलं. "युद्ध विशेषांक ना? तुमच्या पुढं बरेच आहेत. संक्रांतीपर्यंत येईल."

"संक्रांत? आवो, मी यादी लागली त्या आठवड्यातच गेलतो कॅफेत! गॅरेज बंद करून गेलतो. तवा ह्यो अंक मोकळा दिसला न्हाय. एक बी अंक मोकळा न्हवता. माझ्या आदी ह्ये लोक गेले कवा?"

"गेले असतील बाबा. घरून करता येतं."

सयाजीनं मागे वळून बघितलं. त्याच्याच गल्लीतल्या धोंडुबाई अंक पदराखाली घेऊन दाराकडे निघाल्या होत्या.

"धोंडुमावशी! तुमी इंटरनेटवर गेलता?"

"कुठं हाय त्ये?" धोंडुबाई थांबल्या. "महाद्वार रोडला का?"

रांग खो खो हसली. शिवकुमार हसला नाही. त्यानं यादीकडे बघितलं, मग बाईंकडे. बाईंच्या हातात पुढचा अंक होता. तो त्यांनी सावकाश खाली ठेवला आणि सुतळीला धरून खण ओढला. आत चिठ्ठ्यांचा ढीग.

"मीच केलं," त्या म्हणाल्या. "तुम्हीच तर म्हणालात, खणच म्हणा."

आत हंबीररावांच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. शिवकुमार खुर्चीवर न बसता उभा राहिला. "सर, खरे आकडे काढले मी. स्वतःहून नोंदणी केलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यांतल्या एकालाही अंक मिळालेला नाही." त्याचा आवाज शेवटी बारीक झाला. "मला फेटा बांधायचं चाललं होतं."

हंबीररावांनी टेबलावर हात आपटला. "बाई, एवढ्या शिकलेल्या तुमी, कॉन्व्हेंटच्या! लोकांच्या नावानं तुमी बटन दाबलासा?"

"त्यांच्यासाठीच दाबलं."

"त्यांनी सांगटलं होतं?"

"सांगावं लागत नाही. मला माहीत असतं त्यांना काय लागतं."

"बरं. आणि त्या गॅरेजवाल्याला काय लागतंय?"

 रुमालात गुंडाळून तो काय नेत होता ते बाईंनी कधी नीट बघितलंच नव्हतं. 

"मी राजीनामा देते," त्या शेवटी म्हणाल्या.

"राजीनामा मागनं द्या. घाई न्हाय," हंबीरराव जरा नरमले. "आदी ह्ये सगळं मोकळं करू. तुमी धरलेलं सोडून द्या. आन ज्यांची ज्यांची चिठ्ठी तुमच्याकडं हाय, त्येला परत द्या आन इचारा. तोंडानं इचारा, बाबा रे तुला काय पायजे. शेवटच्या माणसापातूर झालं, की मग बसू आन बोलू राजीनाम्याचं."

त्या आठवड्यात बाई पेठेतून चिठ्ठ्या वाटत फिरल्या. संध्याकाळी काउंटर आणि सकाळी घरोघर. पहिलं दार त्यांनी सयाजीच्या गॅरेजचं वाजवलं, जरी त्याची चिठ्ठी त्यांच्याकडे नव्हती. त्यानं ग्रीसचे हात वर धरून पाटावर बसायला सांगितलं. त्याला युद्धाचं वाचायचं होतं, कारण आजोबा पलटणीत होते आणि घरात त्यांचा एक फोटो सोडून काही उरलं नव्हतं. बाईंनी चहा घेतला. आकाराम मोहित्यांनी युद्ध विशेषांक आनंदानं सोडला: "माझी गाडी बदलली बाई. सध्या बागकाम. गच्चीवर वांगी लावल्यात." ज्ञानू गुरव देवळाच्या ओवरीत हार गुंफत होते.

"नाटकाचा अंक? मला?" ते म्हणाले. "बाई, नाटक सोडून किती वर्सं झाली! गुडघेदुखीवर काय असलं तर बगा."

"मग मी देत होते ते नेत का होता?"

"तुमी खणातनं काढून द्यायचा की. न्हाय कसं म्हणायचं?"

एकेका दारातून बाहेर पडताना बाईंची पिशवी हलकी होत होती आणि पाय जड. इतकी वर्षं त्यांना वाटे, की आपण या पेठेची नस ओळखतो. ती कधीकाळची नस होती. माणसं पुढे गेली होती, आणि भिडेपोटी जुनंच घेऊन जात होती.

शनिवारी दुपारी त्या पट्टणशेट्टींचा जिना चढल्या. शेवटची चिठ्ठी अक्काताईंची होती. ती त्यांनी मुद्दाम मागे ठेवली होती, कारण इथं तरी आपलं चुकलेलं नसेल अशी आशा होती. अक्काताई खिडकीत बसल्या होत्या. सून दानेश्वरी पलीकडे कॉम्प्युटरवर एजन्सीची बिलं करत होती. बाईंनी घडलं ते सगळं सांगितलं, मशीनपासून राजीनाम्यापर्यंत, आणि चिठ्ठी पुढे केली.

"तर आता विचारायला आले. तुम्हाला काय वाचायचंय?"

अक्काताईंनी चष्मा वर सरकवला. "खरं सांगू?"

"खरंच सांगा."

"खून."

"काय?"

"खून पायजे मला. एक तरी खून. कोन मारलं, कसं मारलं, शेवटापातूर कळू नये असं." दानेश्वरीचा हात बटणांवरच थांबला. अक्काताई पुढे बोलतच राहिल्या. "संतांची चरित्रं वाचून वाचून सगळे संत घरच्यासारखे झाले गं. पुढच्या पानावर काय हुतंय त्ये मला आदीच ठावं असतंय."

"पण तुम्ही... पूजाबिजा... मला वाटलं..."

"कपाळाला इभूत लावली म्हणून खून वाचायचा न्हाय व्हय? कबनूरला मालक असताना मागांच्या खोलीत बसून वाचायचे की मी. मालकच आणून द्यायचे इचलकरंजीवरनं. खडखडाट असायचा, बोलायला येत न्हवतं, मग दोघं बी वाचायचो. ते गेल्यावर बंद पडलं."

"अक्का, इतकी वर्षं! एकदा तरी म्हणायचंत."

"एकदा बी इचारलंस तू?"

हे अक्काताई रागानं म्हणाल्या नाहीत, पण बाईंची मान खाली गेली. पिशवीची मूठ त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"म्हणजे माझी इथं काही गरजच नव्हती," त्या म्हणाल्या.

"अग्गो बाई! पुस्तकाची वाट कोन बघत बसलंय हितं?" अक्काताईंनी खिडकीबाहेर बोट केलं. "शनवारी तिकडनं तू येताना दिसतीस. पिशवी ह्या हातातनं त्या हातात घेतीस, दवाखान्याच्या कोपऱ्यावर. मग मी दानेश्वरीला सांगतो, आधण ठेव म्हणून. पुस्तक काय, उशाखाली टाकलं तरी चालतंय."

दानेश्वरी खुदकन हसली आणि आधण ठेवायला आत गेली. जाताना तिनं कॉम्प्युटर मोकळा केला आणि सासूची खुर्ची त्याच्यापुढे सरकवून दिली. बाईंनी वाचनालयाचं पान उघडून दिलं. पुढचं काम हाताच्या सवयीचं होतं, तो आपसूक माउसकडे गेला. त्यांनी तो मागे घेतला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"तुम्ही दाबा, अक्का. हळू. कणीक मळायची नाहीये."

अक्काताईंना वेळ लागला. बाण पडद्याबाहेर पळे, मग परत येई. एकदा चुकून त्या पाककृतींपाशी पोचल्या आणि "शिव शिव" म्हणत मागे फिरल्या. रहस्यकथांची यादी आली तेव्हा मात्र त्यांनी बाईंना गप्प बसायची खूण केली आणि वरपासून खालपर्यंत एकेक नाव ओठांनी वाचलं. चहा निवला. बाई खुर्चीच्या कडेला बसून बघत राहिल्या. माणूस स्वतः पुस्तक निवडताना कसं दिसतं हे काउंटरच्या त्या बाजूनं त्यांना कधी दिसलं नव्हतं. खण ओढल्यावर चेहऱ्यावर पडायचा तोच हा उजेड, पण यात कुणाची भीड नव्हती.

"काय तरी इंग्रजीत इचारतंय," अक्काताई म्हणाल्या.

"खात्री आहे का, म्हणतंय. आहे का?"

"हाय की!" आणि त्यांनी बोट दाबलं.

संध्याकाळी काउंटरवर शिवकुमार आला तेव्हा त्याच्या हातात एकच कागद होता. "पट्टणशेट्टी आजींची नोंदणी आलीय," तो म्हणाला, आणि मग जरा घुटमळून, "ही कुणी केली?"

"त्यांनी. मी हात मांडीवर ठेवले होते."

शिवकुमारनं कागदाची घडी करून खिशात ठेवली. मोहिमेवर असताना घरून आलेलं पहिलं पत्र ठेवावं तशी. जाता जाता म्हणाला, "सर विचारत होते, सगळ्यांना विचारून झालं का. ज्यांना स्वतःला जमत नाही ते इथंच येणार आहेत म्हणे, काउंटरवर. त्यांनी सांगायचं आणि तुम्ही दाबायचं. बसाल ना?"

"सांगितलेलंच दाबायचं," बाई म्हणाल्या.

"सांगितलेलंच."

बाईंनी कपाटातून अक्काताईंनी धरलेलं ते पुस्तक काढलं. वरच्या चित्रात सुरी होती. बाळासोकडून खाकी कागद मागवून त्यांनी कव्हर घालायला घेतलं, मग थांबल्या आणि कागद परत दिला. सुरी असू दे. सुतळी ओढून त्यांनी पुस्तक खणात ठेवलं. तळाचा पिवळा कागद बदलायचं पुन्हा राहून गेलं. एवढ्या मोठ्या खणात ते एकच पुस्तक, पुढच्या शनिवारची वाट बघत.

घरी आल्या तेव्हा पृथ्वीराज शिरोलीच्या फौंड्रीतून येऊन पेपर वाचत होता. सून बाळंतपणाला माहेरी गेली होती, त्यामुळे स्वयंपाकाचं बाईच बघत. विळी पुढे ओढून त्यांनी दोडका हातात घेतला, आणि तसाच धरून दारात आल्या.

"पृथ्वी, काय करू रे जेवायला?"

पृथ्वीराजनं पेपर खाली केला आणि आईकडे जरा निरखून बघितलं. तब्येत बरी आहे ना, असं त्याच्या तोंडावर आलेलं दिसत होतं.

जेवणं झाली, भांडी लागली. बाईंनी वही काढली, तारीख घातली, अंकवाटपाचं लिहिलं, पट्टणशेट्टींकडे गेल्याचं लिहिलं आणि खाली शेवटची ओळ लिहिली:

पृथ्वीराज पिठलं म्हणाला. पिठलं-भाकरी केली. दोडका तसाच राहिला आहे, उद्या शेजारी द्यावा.